पोटावरची पिशवी निघाली, ताटावरचा पहारा कधी निघणार?

आमच्या ओळखीचा एक शेतमजूर आहे, हिंगणघाट तालुक्यातला. नाव-गाव देत नाही, कारण या आजाराची लाज अजून त्याच्या घरातून गेलेली नाही. टायफॉइडने त्याच्या आतड्याला छिद्र पडले. रातोरात ऑपरेशन झाले, आतड्याचे तोंड पोटावर काढून त्यावर पिशवी लावली. तीन महिने तो ती पिशवी घेऊन जगला. मग दुसरे ऑपरेशन होऊन आतडे पुन्हा जोडले गेले आणि पिशवी निघाली. सुट्टी देताना दवाखान्याने हातात एक छापील कागद ठेवला. वर लिहिले होते 'पथ्य'. खाली लिहिले होते: हलका व सात्त्विक आहार घ्यावा. मांस, मासे, अंडी पूर्ण बंद. मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, कोशिंबीर व फळे भरपूर खावीत.

घरी चार कोंबड्या होत्या. त्याच्या बायकोने अंडी विकली आणि त्या पैशांत डाळिंबे व सफरचंदे आणली. मटकीला मोड आणून उसळ केली. डॉक्टरांच्या कागदावर आहे म्हणजे औषधच, असे समजून तिने ते सगळे नवऱ्याला नेमाने खाऊ घातले. चौथ्या दिवसापासून तो दिवसातून बारा-पंधरा वेळा परसाकडे पळू लागला. पोटात कळा, शौचाची जागा सोलून निघालेली, अंगात उभे राहण्याचे त्राण नाही. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, पिशवीच बरी होती."

आम्ही त्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कागद वाचला आणि विचारले, "हे कोणी दिलं? मोडाची कडधान्यं, कोशिंबीर, बियांची फळं आत्ता एकही नको. अंडी खातोस ना? मग रोज दोन खा." म्हणजे जे खायचे ते त्या घरात होते आणि ते विकले गेले. जे खायचे नाही ते बाजारातून पैसे मोजून आणले गेले. आमचा हा लेख त्या कागदाविषयी आहे. तो एका दवाखान्याचा दोष असता तर आम्ही तक्रार करून गप्प बसलो असतो. पण असा कागद ज्या विचारातून निघतो तो विचार आमच्या जिल्ह्यात फार जुना आहे आणि फार आदरणीय मानला जातो.

आतड्याला काय हवे असते?

आधी शास्त्र पाहू, म्हणजे कोणी आम्हाला 'प्रत्येक गोष्टीत जात आणता' असे म्हणायला नको.

पोटावर पिशवी अनेक कारणांनी लागते. मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग, अपघातातली जखम, आतड्याला पीळ. आपल्याकडे टायफॉइड आणि आतड्याचा क्षयरोग हीही मोठी कारणे आहेत. हे दोन्ही आजार दूषित पाणी, दाटीची वस्ती आणि अर्धपोटी शरीर यांच्या वाटेने येतात. म्हणजे पिशवी लागणाऱ्यांत गरीब माणूस आधीच जास्त सापडतो.

पिशवी तात्पुरती असेल तर साधारण दोन-तीन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, आतडे परत जोडतात. पण जोडले म्हणजे काम संपले असे नसते. पिशवीच्या पुढचा आतड्याचा भाग इतके दिवस रिकामा पडलेला असतो. त्याला पाणी शोषण्याची आणि मल धरून ठेवण्याची सवय पुन्हा लागायची असते. त्यामुळे पहिले काही आठवडे वारंवार जावे लागते, घाई होते, कधी ताबा राहत नाही, वायू होतो. गुदाशयाचा काही भाग काढलेला असेल तर हा त्रास महिनोन्महिने चालतो.

अशा काळात पहिले चार-सहा आठवडे चोथा कमी असलेले अन्न द्यायचे असते. मऊ शिजवलेला पांढरा भात, पेज, साल काढलेली डाळ गाळून पातळ वरण, पिकलेले केळे, दही, ताक, उकडून कुस्करलेला बटाटा. साले, बिया, दाणे, कच्च्या भाज्या, मका, मोडाची कडधान्ये, तिखट आणि तळलेले हे सारे नंतर. तेही एकेक पदार्थ, थोडा थोडा, दोन-तीन दिवस पोटाचा कल बघत. तीन वेळा पोटभर खाण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडे थोडे खायचे, सावकाश चावून. पातळ जुलाब होत असतील तर नुसते पाणी पुरत नाही, मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस हवे. शौचानंतर जागा पाण्याने धुऊन हलकेच टिपायची आणि खोबरेल किंवा झिंकचे मलम लावायचे. पोट फुगले, उलट्या लागल्या, वायूही सरेना, ताप आला तर घरी थांबायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा.

आता मुख्य गोष्ट. जखम भरून यायला प्रथिने लागतात. मोठ्या ऑपरेशननंतर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत, असे आहारशास्त्र सांगते. पन्नास किलोच्या मजुराला म्हणजे ६० ते ७५ ग्रॅम. ही प्रथिने आणायची कुठून? एरवी गरिबाची प्रथिने म्हणजे तूर, चणा, मटकी, वाल आणि चून-भाकर. पण नेमकी हीच सालाची, वायू करणारी कडधान्ये या दिवसांत पोटाला सोसत नाहीत. मग उरते काय? दही, पनीर, अंडी, मासे, कोंबडी, मऊ शिजवलेले मांस. अंड्यात चोथा अजिबात नसतो आणि एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. पनीर परवडणारी घरे आमच्या वस्तीत किती? अंडे सहा-सात रुपयांना मिळते आणि घरची कोंबडी असेल तर फुकट.

आणखी एक. टायफॉइड आणि क्षय बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला छिद्र पाडतात. ब-१२ जीवनसत्त्व शोषले जाते ते तिथेच. ते टोक बरेच कापावे लागले तर पुढे ब-१२ ची इंजेक्शने घ्यावी लागतात. टोक शाबूत असेल तर अन्नातून ते मिळू शकते. पण दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच. पालेभाजीत ते नसते.

म्हणजे शास्त्राच्या बाजूने पाहिले तर त्या कागदावरचे 'बंद' आणि 'भरपूर' हे दोन शब्द जवळजवळ उलटे छापले गेले होते. अशी चूक कशी होते? आतडे डोळ्यांसमोर ठेवून लिहिले तर होत नाही. कोणते अन्न शुद्ध आणि कोणते अशुद्ध, हे आधीच ठरवून लिहिले तर होते. 'सात्त्विक' हा शब्द शल्यचिकित्सेच्या कोणत्याही पुस्तकातला नाही. अन्नाचे सात्त्विक, राजस, तामस असे वर्ग गीतेच्या सतराव्या अध्यायात आहेत. शल्यविभागाच्या कागदावर त्याचे काय काम?

वर्ध्याचा वारसा

आमचा जिल्हा गांधी जिल्हा म्हणून ओळखला जातो. इथे सेवाग्राम आहे, पवनार आहे. १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले, याचा आजही अभिमान बाळगला जातो. देवळाचे दार उघडले, ठीक. चुलीचे काय? आमच्या चुलीवर जे शिजते ते त्या शुद्धतेच्या कल्पनेत तेव्हाही बसत नव्हते, आजही बसत नाही.

आजाऱ्याच्या ताटाचा प्रश्न गांधींच्या आयुष्यातही आला होता, एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहेत. दहा वर्षांच्या मणिलालला टायफॉइड झाला, सोबत न्यूमोनिया. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा सुचवला. गांधींनी नकार दिला आणि पाण्याचे उपचार केले. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांचे ऑपरेशन झाले, त्या फार अशक्त झाल्या. डॉक्टरांनी गोमांसाचा रस्सा द्यायचे ठरवले. गांधींनी विरोध केला, कस्तुरबांना विचारले, त्यांनीही नाही म्हटले, आणि त्या अवस्थेत त्यांना तिथून हलवण्यात आले. तिसरा प्रसंग १९१८ चा. गांधींना स्वतःला आमांश झाला, शरीर पार खचले. डॉक्टरांनी दूध घ्यायला सांगितले. दूध न घेण्याचे त्यांचे व्रत होते. तेव्हा कस्तुरबांनी सुचवले की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे आहे, शेळीचे घ्यायला काय हरकत? गांधींनी शेळीचे दूध घेतले. व्रताचे शब्द पाळले, आत्मा गेला, अशी कबुलीही त्यांनी दिली.

मणिलाल वाचला, कस्तुरबाही वाचल्या. आम्ही ते लपवत नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. कस्तुरबांना निदान विचारले तरी गेले. महात्म्याचे पोट बिघडले तेव्हा व्रतातून वाट काढली गेली, आणि काढली ते योग्यच झाले, कारण जगणे आधी. मग हिंगणघाटच्या मजुराला कोणी विचारले? त्याने तर कसले व्रत घेतलेच नव्हते. दुसऱ्याचे व्रत त्याच्या आतड्यावर लादले गेले. व्रत घेणाऱ्याला सूट आणि व्रत न घेतलेल्याला सक्ती, हा कुठला न्याय?

पवनारला विनोबांनी १९७९ मध्ये गोहत्याबंदीसाठी उपोषण केले. राज्यात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने आधीच बंद होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. बड्याचे मटण हे आमच्या आणि मुस्लिम बांधवांच्या वस्त्यांतले सर्वांत स्वस्त मांस होते. आजाऱ्याला पायाचा रस्सा, बाळंतिणीला खिमा त्यातूनच मिळे. त्या कायद्याने स्वयंपाकघरातली किती प्रथिने गेली, याचा हिशोब विधिमंडळात कोणी मांडला? पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी काढून घेतला गेला. लोकवर्गणीतून द्या म्हणे! शाळेतल्या पोराचे अंडे आणि दवाखान्यातल्या मजुराचे अंडे एकाच हाताने काढून घेतले जाते.

तथागतांनी काय केले?

आता आमच्यातलेच काही लोक विचारतील, 'आपण बौद्ध. अहिंसा मानणारे. मग मांसाची तरफदारी कशाला?' त्यांनी विनयपिटकातला महावग्ग वाचावा.

एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो आता कोणाच्या उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः त्याला धुतले आणि उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून बजावले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. पोटावर पिशवी घेतलेल्या माणसाच्या बाबतीत धम्म काय सांगतो, याचे उत्तर यापेक्षा स्पष्ट कुठे मिळेल?

त्याच ग्रंथात सुप्पियेची कथा आहे. वाराणसीत एका भिक्खूने रेचक घेतले होते आणि त्याला मांसाचा रस्सा हवा होता. उपासिका सुप्पियेने माणूस बाजारात पाठवला. त्या दिवशी नगरात प्राणी मारायला बंदी होती, मांस मिळाले नाही. दिलेला शब्द मोडू नये म्हणून तिने स्वतःच्या मांडीचे मांस कापून दिले. तथागतांना कळले तेव्हा त्यांनी न विचारता खाल्ल्याबद्दल त्या भिक्खूला फटकारले आणि माणसाचे मांस निषिद्ध ठरवले. कथा म्हणून घ्या, पण तिचा अर्थ पाहा. आजाऱ्याने रस्सा मागितला याबद्दल कोणी त्याला पापी म्हटले नाही. आणि बंदीच्या दिवशी आजाऱ्याच्या रस्स्याची किंमत कोणाच्या अंगातून वसूल होते, हे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईने दाखवून दिले. पेजेचे दहा गुण सांगणारा उपदेशही याच ग्रंथात आहे. पेज आणि रस्सा, दोन्ही एकाच पंगतीत.

संघात मासे-मांस कायमचे बंद करा, अशी मागणी देवदत्ताने केली होती. तथागतांनी ती सक्ती नाकारली. ज्याला खायचे नाही त्याने खाऊ नये, पण नियम म्हणून लादू नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये हेच उलगडले आहे: अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, आणि मारण्याची इच्छा वेगळी, मारण्याची गरज वेगळी. १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मुळाविषयी लिहिताना गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध त्यांनीच उघड करून दाखवला. ताटावरून माणसाची पायरी ठरवणे हा अस्पृश्यतेचाच पाया आहे. तो पाया आता आहारपत्रकाच्या रूपाने आमच्या हातात दिला जातो.

आपल्याही घरात पाहू

फक्त दुसऱ्याकडे बोट दाखवून चालणार नाही. आजाऱ्याला 'ताकद यावी' म्हणून तर्रीदार सावजी रस्सा आणून देणारे पाहुणे आमचेच असतात. नुकत्या जोडलेल्या आतड्यावर ते तिखट-तेल म्हणजे निखारा. रस्सा द्यायचा तर बिनतिखट, वरची तर्री काढून, भातात कालवून. 'थोडी घेतली तर झोप लागते' म्हणून दारू पाजणारेही आमचेच. जिल्ह्यात दारूबंदी असूनही ती कशी मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. दारूने जुलाब वाढतात, शरीरातले पाणी जाते आणि पंचशीलाचे काय होते ते वेगळे सांगायला नको.

त्याहून वाईट म्हणजे पिशवी असलेल्या माणसाची चटई वेगळी, ताट वेगळे, त्याच्याजवळ लेकरांनी जायचे नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला त्यांनीच आपल्या माणसाच्या आतड्याचा विटाळ मानावा? पिशवीने कोणाला रोग लागत नाही. हात साबणाने धुतले की पुरे. आमच्या त्या मजुराने तीन महिने अंगणात, गोठ्याच्या बाजूला जेवण केले. घरचे त्याला 'वास येतो' म्हणायचे. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे.

कागदावर 'दिवसातून सहा वेळा खा' लिहिणे सोपे आहे. निंदणीला गेलेली बाई सहा वेळा कुठे खाणार? दिवसातून आठ वेळा घाईची लागत असेल तर कपाशीच्या शेतात ती कुठे बसणार? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, दवाखान्यातले जेवण आणि परतीचे भाडे धरलेले असते. त्यानंतर माणूस घरी येतो आणि तिथून पुढचे दोन महिने त्याचे ताट वाऱ्यावर. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो, प्रथिने मिळत नाहीत. क्षयरोग्याला मात्र निक्षय पोषण योजनेत महिन्याला १००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० मिळत. म्हणजे आजारपणातले अन्न हाही उपचार आहे, हे सरकारला तत्त्वतः मान्य आहे. मग टायफॉइडने आतडे फाटलेल्या माणसाने काय गुन्हा केला?

कोणी म्हणेल, शाकाहारी रुग्णावर तुम्ही अंडी लादणार का? मुळीच नाही. ज्याला खायचे नसेल त्याला दही, पनीर, गाळलेले वरण लिहून द्या, आणि परवडत नसेल तर त्याचीही सोय करा. आमची मागणी रुग्णाला विचारण्याची आहे. म्हणून आम्ही मागतो:

१. आतड्याच्या ऑपरेशननंतरचे आहारपत्रक आजारानुसार वेगळे असावे, आणि ते देण्यापूर्वी 'घरी काय खाता, काय परवडते' हे रुग्णाला विचारावे.

२. अंडी, मासे, मांस बंद करायचे असेल तर त्याचे वैद्यकीय कारण कागदावर लिहावे. कारण नसेल तर तो शब्द खोडावा. 'सात्त्विक' हा शब्द सरकारी पैशातून चालणाऱ्या कोणत्याही उपचाराच्या कागदावर नको.

३. पिशवी लागलेल्या आणि पिशवी बंद झालेल्या गरीब रुग्णांना किमान तीन महिने पोषण भत्ता मिळावा.

४. आशाताईंना या रुग्णांची काळजी, ओआरएसचा वापर आणि धोक्याच्या खुणा यांचे प्रशिक्षण द्यावे.

५. शाळेतल्या अंड्याचा निधी परत सुरू करावा.

आणि कार्यकर्त्यांनो, तोवर आपल्या वस्तीतल्या विहारात हे काम आपणच सुरू करू या. ज्याची पिशवी निघाली त्याच्या घरी जा. कागद मागून वाचा, समजला नाही तर डॉक्टरांना विचारा, विचारायला घाबरू नका. त्याच्या पंगतीला बसून जेवा.

आमचा तो मजूर आता बरा आहे. पाच आठवडे दोन उकडलेली अंडी, मऊ भात, दही, केळे आणि बिनतिखट रस्सा खाऊन दिवसातून तीन-चार वेळांवर आला. मग हळूहळू ज्वारीची भाकर कुस्करून दुधात, मग वरणात. परवा त्याने विचारले, "अंबाडीची भाजी कधी खाऊ?" आम्ही सांगितले, डॉक्टरांना विचार, एक चमचा खाऊन बघ. त्याच्या बायकोने या महिन्यात एकही अंडे विकले नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!